हवामानाचे कर्तव्य आणि गुंतवणूकदाराचा दावा : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

परकीय गुंतवणुकीच्या करारांचे मसुदे तपासणे हे गेली अनेक वर्षे माझे रोजचे काम आहे. ‘न्याय्य व समतोल वागणूक’ हे, परकीय गुंतवणूकदाराला सरकारने द्यायच्या हमीचे शब्द मी इतक्या वेळा वाचले आहेत की नजर त्यांच्यावरून आपोआप पुढे सरकते. याच शब्दांच्या आधारे एखादी कंपनी कोळशाची वीज बंद करणाऱ्या सरकारकडे अब्जावधींची भरपाई मागू शकते, हे मला ठाऊक होते. परंतु कोळसा बंद करणे हेच त्या सरकारचे मानवी हक्कांच्या कायद्याखालील कर्तव्य असेल, तर लवादापुढे या दोहोंची सांगड कशी घालायची, याचे नीट उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते शोधण्यासाठी मानवी हक्क, गुंतवणूक कायदा आणि हवामानकृती या विषयावरील आठ आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्यातील काही उणिवांबद्दल स्पष्ट लिहायचे असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही. मात्र येथे जे निकष लावले आहेत, ते या विषयाच्या कोणत्याही अभ्यासक्रमाला लावून पाहता येतील. माझे मत आधीच सांगते: करार, धोरण किंवा हक्कांच्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्याने हा अभ्यासक्रम जरूर करावा, पण सहावा आठवडा स्वतःच्या वाचनाने भरून काढण्याची तयारी ठेवावी.

दर आठवड्याला सुमारे दोन तासांची ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, वाचनासाठी कागदपत्रे आणि एक लेखी स्वाध्याय अशी रचना आहे. या रचनेत नवे काही नाही. वेगळेपण वाचनाच्या निवडीत आहे. निकालांचे तयार सारांश देण्याऐवजी शिक्षकांनी प्रत्येक निकालातील चार-पाच मूळ परिच्छेद दिले आहेत आणि तेवढेच नीट वाचण्याचा आग्रह धरला आहे. कराराच्या कलमातील एका शब्दाने निवाडा कसा फिरतो हे सारांशातून कधीच कळत नाही, त्यामुळे ही पद्धत मला मनापासून पटली.

पहिले दोन आठवडे मानवी हक्कांचे आहेत. सुरुवात अपेक्षेप्रमाणे नेदरलँड्समध्ये उर्गेंडा या पर्यावरणवादी संस्थेने सरकारविरुद्ध केलेल्या खटल्याने होते. १९९०च्या पातळीच्या तुलनेत २०२०च्या अखेरीपर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन किमान २५ टक्क्यांनी घटवण्याचा आदेश तेथील सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०१९ रोजी कायम केला. त्यासाठी त्याने युरोपीय मानवी हक्क करारातील जगण्याचा हक्क आणि खासगी व कौटुंबिक जीवनाचा हक्क यांचा आधार घेतला. हा खटला बहुतेकांना माहीत असतो. त्यानंतरचा स्वित्झर्लंडमधील वृद्ध महिलांच्या संघटनेचा खटला मात्र येथे जितक्या बारकाईने शिकवला आहे, तितक्या बारकाईने मी तो आजवर वाचलेला नव्हता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने ९ एप्रिल २०२४ रोजी सोळा विरुद्ध एक अशा बहुमताने स्वित्झर्लंडने खासगी जीवनाच्या हक्काचा भंग केल्याचा निर्णय दिला. चार महिलांचे वैयक्तिक अर्ज न्यायालयाने दाखल करून घेतले नाहीत. त्यांच्या संघटनेचा अर्ज मात्र ग्राह्य मानला. शिक्षकांनी या निकालातील एका मुद्द्यावर जवळजवळ अर्धे व्याख्यान खर्च केले आहे. देशाला अजून किती उत्सर्जन करता येईल याची कार्बन मर्यादा किंवा तिच्याऐवजी अन्य कोणते संख्यात्मक मोजमाप सरकारने ठरवलेलेच नव्हते, आणि न्यायालयाने याच उणिवेवर बोट ठेवले. हक्काच्या पालनासाठी आकडा, वेळापत्रक आणि कायद्यातील तरतूद लागते, हे त्यातून स्पष्ट झाले. गुंतवणूक कायद्याच्या दृष्टीने याचे महत्त्व पुढे पाचव्या आठवड्यात उलगडते, आणि मला वाटते की संपूर्ण अभ्यासक्रमाची कळ तेथेच आहे.

बाकीचा भाग शिक्षकांनी वेगाने पुढे नेला आहे आणि ते योग्यच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०२२ रोजी १६१ विरुद्ध शून्य मतांनी, आठ देश तटस्थ असताना, स्वच्छ, निरोगी व शाश्वत पर्यावरणाच्या हक्काला दिलेली मान्यता. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ साली पुढील पिढ्यांच्या स्वातंत्र्याच्या आधारे हवामान कायद्यातील त्रुटी दाखवून दिलेला निर्णय. माळढोक पक्षी आणि सौर ऊर्जेच्या वीजवाहिन्या यांच्या वादात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ व २१ मधून काढलेला, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क. या सगळ्यांची ओळख तासाभरात होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या २३ जुलै २०२५ च्या सल्लात्मक मताला मात्र स्वतंत्र व्याख्यान दिले आहे. दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये मांडलेली कल्पना वानुआतू या पॅसिफिकमधील द्वीपराष्ट्राच्या पुढाकाराने आमसभेत पोहोचली आणि अखेर जगातील सर्वोच्च न्यायपीठासमोर गेली. हा प्रवास सांगताना शिक्षिकेचा आवाज भारावलेला जाणवतो, आणि ऐकणाऱ्यालाही भारावून जावेसे वाटते. पण त्या थांबतात ते न्यायालयाच्या एका वाक्यावर: जीवाश्म इंधनांचे उत्पादन, त्यांच्या शोधासाठी परवाने देणे किंवा त्यांना अनुदाने देणे यांच्या रूपानेही हवामानाच्या रक्षणासाठी योग्य कृती न करणे हे राज्याचे आंतरराष्ट्रीय दृष्ट्या बेकायदा कृत्य ठरू शकते. परवाना देणे हेच कर्तव्यभंग ठरू शकत असेल, तर तो परवाना नाकारल्याबद्दल भरपाई मागणाऱ्याला लवादाने काय उत्तर द्यावे, हा प्रश्न तेथे विचारून आठवडा संपतो.

तिसऱ्या आठवड्यात बाजू बदलते. जर्मनी आणि पाकिस्तान यांच्यातील १९५९चा पहिला द्विपक्षीय गुंतवणूक करार, जागतिक बँकेच्या छत्राखाली गुंतवणूक लवादाचे केंद्र उभारणारा १९६५चा करार आणि त्यानंतर जगभर झालेले हजारो करार यांचा इतिहास थोडक्यात येतो. हा भाग मला परिचित होता, तरी दोन प्रकरणांची मांडणी लक्षात राहिली. पहिले हॅम्बुर्गमधील मूरबुर्ग कोळसा वीज प्रकल्पाचे. एल्बे नदीच्या पाण्याच्या रक्षणासाठी घातलेल्या अटींविरुद्ध स्वीडनच्या सरकारी मालकीच्या वॅटनफॉल कंपनीने २००९ मध्ये ऊर्जा क्षेत्रातील गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या ऊर्जा सनद या बहुपक्षीय कराराखाली सुमारे १.४ अब्ज युरोंचा दावा केला. तडजोड झाली आणि अटी सैल झाल्या. पुढे २०१७ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने त्याच प्रकल्पाबाबत जर्मनीने माशांच्या अधिवासाच्या रक्षणाचा कायदा मोडल्याचे ठरवले. म्हणजे एका बाजूचा दावा मिटवताना दुसऱ्या बाजूचे बंधन मोडले गेले. प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला आणि २०२१ मध्ये बंदही पडला. दाव्याच्या धाकाने सरकारचा हात आखडतो असे आपण नेहमी म्हणतो. येथे तो धाक अटींच्या कागदावर दिसतो.

दुसरे प्रकरण इटलीचे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत तेल काढण्यास बंदी घातल्यामुळे रॉकहॉपर या ब्रिटिश कंपनीला लवादाच्या न्यायाधिकरणाकडून ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे १९ कोटी युरो आणि व्याज मंजूर झाले. इटली ऊर्जा सनद करारातून २०१६ सालीच बाहेर पडली होती. तरीही दावा टिकला, कारण बाहेर पडल्यानंतरही आधीच्या गुंतवणुकीला २० वर्षे संरक्षण देणारे कलम करारात होते. युरोपीय संघ स्वतः २८ जून २०२५ पासून या करारातून बाहेर पडला असला, तरी हे शेपूट उरतेच. येथे अभ्यासक्रमाची एक गंभीर चूक नोंदवणे भाग आहे. व्याख्यानात हा निवाडा आजही लागू असल्याप्रमाणे शिकवला जातो. वस्तुतः जून २०२५ मध्ये तो रद्द झाला, आणि तोही न्यायाधिकरणाच्या रचनेशी संबंधित कारणावरून, हवामानाच्या मुद्द्यावरून नव्हे. मी चर्चेच्या पानावर हे लिहिले आणि ईमेलही पाठवला. उत्तर आले, आभार मानले गेले. अभ्यासक्रम संपेपर्यंत व्याख्यान मात्र तसेच होते. कायदा इतक्या वेगाने बदलत असताना जुन्या चित्रफितीखाली दोन ओळींची दुरुस्ती लावणे फारसे अवघड नसावे.

चौथा आठवडा हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत उत्तम भाग आहे. तो पूर्णपणे एकाच प्रकरणाला वाहिलेला आहे: इको ओरो या कॅनेडियन कंपनीचा कोलंबियाविरुद्धचा दावा. अँडीज पर्वतात जंगलाच्या वर आणि बर्फाच्या खाली जे थंड, दमट माळरान असते, त्याला तेथे पारामो म्हणतात. तेथील फ्राइलेहोन नावाच्या झाडांची लोकरीसारखी लव असलेली पाने धुक्यातले पाणी टिपतात, आणि स्पंजासारखी जमीन ते धरून ठेवून हळूहळू झऱ्यांना सोडते. सांतुर्बान पारामोचे पाणी बुकारामांगा शहर आणि परिसरातील लोक पितात. याच भागात कंपनीचा सोन्याच्या खाणीचा प्रकल्प होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने पारामोत आधीचे परवाने असलेल्या खाणींना मिळालेली सवलतही रद्द केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनी लवादाकडे गेली.

स्वाध्याय असा होता: कॅनडा आणि कोलंबिया यांच्यातील व्यापार करारातील पर्यावरणविषयक अपवादाचे कलम वाचा, आणि निवाडा न पाहता, भरपाई देय आहे की नाही ते तीनशे शब्दांत लिहा. कलमाचा आशय असा की, मानव, प्राणी किंवा वनस्पती यांच्या जीवनाच्या व आरोग्याच्या रक्षणासाठी आवश्यक उपाय योजण्यापासून कोणत्याही पक्षाला करार रोखणार नाही. मी ठामपणे लिहिले की उपाय करण्यास मुभा असेल तर त्या उपायासाठी दंड कसा बसेल. भरपाई देय नाही. पुढच्या दिवशी निवाड्याचे परिच्छेद उघडले. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने हे कंपनीच्या मालमत्तेचे सक्तीचे संपादन नसल्याचे, म्हणजे सरकारने आपल्या रास्त नियामक अधिकारात कृती केल्याचे मान्य केले. तरीही परकीय गुंतवणूकदाराला द्यायच्या किमान वागणुकीच्या मानकाचा बहुमताने भंग झाल्याचे ठरवले. अपवादाच्या कलमाबद्दल त्यांचे म्हणणे असे की ते सरकारला उपाय करण्यापासून रोखत नाही, पण त्या उपायाची किंमत मोजण्यापासून सुटकाही देत नाही. आश्चर्य म्हणजे कॅनडाने स्वतः, म्हणजे कंपनीच्या मायदेशाने, या वाचनाच्या विरुद्ध निवेदन दिले होते. करार करणारे दोन्ही देश कलमाचा एकच अर्थ सांगत होते आणि न्यायाधिकरणाने तिसराच स्वीकारला. अखेर जुलै २०२४ मध्ये भरपाईची रक्कम शून्य ठरली, कारण नुकसान सिद्ध झाले नाही. पण कलमाचे ते वाचन मागे घेतले गेले नाही. माझ्या तीनशे शब्दांवर शिक्षिकेने एवढाच शेरा मारला होता: “कलमात ‘भरपाई’ हा शब्द कोठे आहे?” तो शब्द कोठेच नव्हता. इतकी वर्षे अशी कलमे तपासूनही मी त्याची अनुपस्थिती पाहिली नव्हती.

पाचव्या आठवड्यात दोन्ही प्रवाह एकत्र येतात. करारांच्या कायद्याविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या ३१व्या अनुच्छेदातील एका उपखंडाप्रमाणे, कोणत्याही कराराचा अर्थ लावताना पक्षांना लागू असलेले आंतरराष्ट्रीय कायद्याचे इतर संबंधित नियमही विचारात घ्यावे लागतात. मानवी हक्क लवादाच्या दालनात येतात ते याच दाराने. पाणीपुरवठ्यात गुंतवणूक केलेल्या कंपनीच्या, उर्बासर विरुद्ध अर्जेंटिना या प्रकरणात २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने पाण्याच्या हक्कावर आधारलेला सरकारचा प्रतिदावा ऐकण्याचा अधिकार मान्य केला आणि मग गुणावगुणांवर तो फेटाळला. पेरूमधील बेअर क्रीक या खाण कंपनीच्या प्रकरणात आयमारा या आदिवासी समाजाचा विश्वास मिळवण्यात कंपनीच कमी पडली, म्हणून भरपाई निम्म्याने घटवावी असे न्यायाधिकरणाच्या एका सदस्याने वेगळ्या मतात लिहिले. शिक्षक या निर्णयांना विजय म्हणून सादर करत नाहीत, आणि हा प्रामाणिकपणा मला आवडला. परंतु त्यांच्या आधारे जो युक्तिवाद मांडला जातो, तो या अभ्यासक्रमाची सर्वांत मोलाची देणगी आहे.

तो युक्तिवाद गुंतवणूकदाराच्या रास्त अपेक्षेचा आहे. न्याय्य वागणुकीच्या भंगाचे बहुतेक दावे याच पायावर उभे असतात: आम्ही पैसा गुंतवला तेव्हा कायदा असा होता, तो बदलेल अशी आम्हांला कल्पना नव्हती. आता स्विस निकालाकडे परत यावे. आकडा आणि वेळापत्रक कायद्यात लिहिणे हे जर मानवी हक्कांचे बंधन असेल, तर ते कायद्यात लिहिले जाते त्या दिवशी प्रत्येक गुंतवणूकदाराला त्याची सूचना मिळालेली असते. २०१५च्या पॅरिस करारानंतर, आणि निश्चितपणे २०२५च्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या मतानंतर, तेलक्षेत्राचा परवाना कायम राहील ही अपेक्षा रास्त म्हणता येणार नाही. आणि ती रास्त नसेल तर दाव्याचा पाया ढासळतो. जरी भंग सिद्ध झाला, तरी त्याच तर्काने भरपाईचे मोजमाप बदलते, कारण तीस वर्षांचा संभाव्य नफा गृहीत धरायचा तर तीस वर्षे ते उत्सर्जन कायदेशीर राहील असेही गृहीत धरावे लागते. माझ्या मते या दुसऱ्या मुद्द्यावर अजून पुरेसे लिखाण झालेले नाही. अभ्यासक्रमातही त्याला फक्त वीस मिनिटे मिळाली आहेत, आणि ती मी दोनदा ऐकली.

हे सगळे मांडून झाल्यावर सहाव्या आठवड्याने माझी निराशा केली. गुंतवणूक कायदा हवामानकृतीला केवळ अडथळाच ठरतो असे नाही. सौर आणि पवन ऊर्जेत येणाऱ्या पैशालाही तोच कायदा संरक्षण देतो. स्पेनने २००७ मध्ये जाहीर केलेल्या सवलती पुढे कापल्या, तेव्हा सुमारे पन्नास दावे दाखल झाले आणि त्यांतील अनेकांत सरकार हरले. हे दावे हवामानाच्या बाजूचे मानावेत की संकटात सापडलेल्या सरकारच्या तिजोरीवरचा भार? अनेक दावेदार वीज निर्माण करणाऱ्या कंपन्या नसून वित्तीय निधी होते, हे लक्षात घेतले की प्रश्न आणखी कठीण होतो. अभ्यासक्रमाने तो विचारला आणि चाळीस मिनिटांत सोडून दिला. पवनचक्क्यांसाठी जमीन देणाऱ्या समाजांची पूर्वसंमती, खाणी बंद झाल्यावर कामगारांचे काय, हे विषय वाचनाच्या यादीत आहेत, व्याख्यानात नाहीत. मानवी हक्कांच्या नावाने सुरू झालेल्या अभ्यासक्रमात ज्यांचे हक्क त्यांचा आवाज इतका क्षीण ऐकू यावा, याचे मला वाईट वाटले. सरकार आणि कंपनी यांच्यात थेट होणाऱ्या करारांतील, पुढचा कायदा प्रकल्पाला लागू होणार नाही अशी हमी देणाऱ्या कलमांचाही उल्लेख नाही. माझ्या कामात ती कलमे आंतरराष्ट्रीय करारांपेक्षा अधिक वेळा येतात आणि अधिक जाचक असतात.

शेवटचे दोन आठवडे मसुदालेखनाचे आहेत. नमुना म्हणून मोरोक्को आणि नायजेरिया यांनी डिसेंबर २०१६ मध्ये स्वाक्षरी केलेला करार दिला आहे, ज्यात गुंतवणूकदारावर मानवी हक्कांचे पालन आणि पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन यांची बंधने थेट लिहिलेली आहेत. त्यानंतर प्रत्येकाने हवामानविषयक अपवादाचे एक कलम लिहायचे असते. मी लिहिले: “हवामानविषयक आंतरराष्ट्रीय बंधने पार पाडण्यासाठी आवश्यक असलेला कोणताही उपाय या कराराचा भंग मानला जाणार नाही, आणि अशा उपायासाठी कोणतीही भरपाई देय असणार नाही.” चौथ्या आठवड्याचा धडा शिकल्याचे समाधान मला वाटत होते. परतलेल्या कागदावर ‘आवश्यक’ या शब्दाभोवती वर्तुळ होते आणि शेजारी लिहिले होते की, आवश्यक काय हे तुम्ही सरकारऐवजी न्यायाधिकरणाच्या तीन सदस्यांवर सोपवले आहे. दुसरा शेरा असा होता की भेदभावाने किंवा निव्वळ बहाण्याने केलेल्या उपायाला मी वाट मोकळी ठेवली आहे, आणि ती बंद केली नाही तर कोणताही गुंतवणूकदार देश यावर स्वाक्षरी करणार नाही. मी ते कलम तीनदा लिहिले. तिसऱ्या मसुद्यात ‘आवश्यक’ जाऊन ‘या उद्देशाने सद्भावनेने केलेला’ आले, उपाय भेदभावाचा नसावा ही अट आली आणि करार संपल्यानंतरच्या संरक्षणाच्या कालावधीलाही हा अपवाद लागू राहील हे वाक्य जोडले गेले. हे सूक्ष्म परीक्षण प्रत्येक विद्यार्थ्याच्या मसुद्यावर माणसाने केलेले असते, आणि या अभ्यासक्रमाची निवड करण्यास माझ्या दृष्टीने एवढे कारण पुरेसे आहे.

आठवड्याला आठ तास देण्याची तयारी हवी. जाहिरातीत सांगितलेल्या चार तासांत मूळ परिच्छेदांचे वाचन होत नाही. कायद्याचे शिक्षण नसलेल्यांनी तिसऱ्या आठवड्याआधी गुंतवणूक लवादावरचे एखादे प्राथमिक पुस्तक वाचून घ्यावे, अन्यथा संज्ञांच्या गर्दीत वाट चुकेल. व्याख्यानांची लिखित प्रत यंत्राने तयार केलेली असून नावे आणि अनुच्छेदांचे आकडे तिच्यात वारंवार चुकतात, तेव्हा तिच्यावर विसंबू नये.

अभ्यासक्रम संपल्यानंतरच्या आठवड्यात एका नव्या कराराचा मसुदा माझ्या टेबलावर आला. पर्यावरणाच्या अपवादाचे कलम त्यात होते, भाषा परिचित होती, आणि कलम पूर्णविरामापाशी संपत होते. समासात मी लिहिले: “भरपाईबद्दल वाक्य नाही. जोडावे.”